दुधातून निघालेले पाणी: लागोस दे मोरेनोच्या भुकटी कारखान्याचा अभ्यास

शंभर किलो दूध कारखान्यात आले, की त्यातले सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी किलो हे पाणीच असते. दुधाची भुकटी करायची म्हणजे हे पाणी काढायचे. बाकी सगळे त्याभोवतीचे काम. पण ज्या कारखान्यात दुधातून दिवसरात्र पाणी काढले जाते, त्याच कारखान्यात टाक्या, नळ्या आणि यंत्रे धुवायला बोअरमधून वेगळे पाणी उपसले जाते. एका बाजूने पाणी गटारात, दुसऱ्या बाजूने जमिनीतून वर. दुधातून निघालेल्या पाण्याचा थोडा भाग बॉयलरकडे वळवायची पद्धत जुनी आहे. पण त्यावर सगळा कारखाना चालवायचा, हे धाडस क्वचितच कुणी केले.

मेक्सिकोच्या हालिस्को राज्यात लागोस दे मोरेनो येथे ते झाले. नेस्लेच्या तिथल्या दूध भुकटी कारखान्यात २०१४च्या ऑक्टोबरमध्ये 'सेरो आग्वा', म्हणजे शून्य पाणी, नावाचा प्रकल्प सुरू झाला. दुधातून निघणाऱ्या पाण्यावरच कारखाना चालवायचा आणि कामकाजासाठी भूजलाचा उपसा थांबवायचा, हे उद्दिष्ट. कंपनीने जाहीर केलेला बचतीचा आकडा दिवसाला १६ लाख लिटरचा आहे. ६,४०० माणसांना पुरेल एवढे हे पाणी, असे तेव्हा सांगितले गेले. म्हणजे माणशी २५० लिटर. मेक्सिकोतल्या कंपनीच्या वर्षभराच्या एकूण पाणीवापराच्या १५ टक्के ही बचत आहे, असेही जाहीर झाले. पुढच्याच वर्षी, कॅलिफोर्नियात दुष्काळ असताना, तिथल्या मोडेस्टोच्या कारखान्यातही हीच पद्धत आणण्याची घोषणा झाली.

अन्नउद्योगात पाण्याच्या पुनर्वापराचा विषय निघाला, की बोलणे फार लवकर मेम्ब्रेनवर, म्हणजे पाणी गाळणाऱ्या सूक्ष्म पडद्यावर, जाते. कुठला आरओ (दाबाने अशा पडद्यातून पाणी शुद्ध करणारे यंत्र) बसवला, किती क्षमतेचा, कुठल्या कंपनीचा. लागोस दे मोरेनोचे उदाहरण मला मोलाचे वाटते ते वेगळ्या कारणाने. पाणी शुद्ध करणे हा यातला सोपा भाग आहे. कुठले पाणी कुठल्या पाण्यात मिसळू द्यायचे नाही आणि कुठले पाणी कुठल्या कामाला चालेल, हे ठरवणे अवघड; आणि ठरवलेले रात्रपाळीलाही पाळणे त्याहून अवघड. म्हणून या लेखात यंत्रांबद्दल कमी आणि या ठरवण्याबद्दल जास्त लिहितो आहे.

हाच कारखाना का

लागोस दे मोरेनो हे 'लोस आल्तोस' या हालिस्कोच्या उंच पठारी भागात, समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० मीटर उंचीवर आहे. दूध उत्पादनात हालिस्को मेक्सिकोत पहिल्या क्रमांकाचे राज्य, आणि त्यातला मोठा वाटा याच पठाराचा. पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या काही महिन्यांतच पडतो. उरलेले वर्ष शेती, गोठे, गावे आणि कारखाने बहुतांशी भूजलावर काढतात. जमीन ज्वालामुखीच्या खडकाची. या पठारावरच्या अनेक विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड आणि आर्सेनिक जास्त असल्याचे अभ्यासांतून दिसून आले आहे. म्हणजे पाणी खोल आहे, कमी आहे आणि वर आणले तरी जसेच्या तसे पिण्यायोग्य असेलच असे नाही.

इथे दुधातून निघालेल्या पाण्याची एक मोठी जमेची बाजू दिसते. ते वाफ होऊन आलेले असते. फ्लोराइड, आर्सेनिक, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांतले काहीही वाफेबरोबर उडून येत नाही. खनिजांच्या बाबतीत हे पाणी बोअरच्या पाण्यापेक्षा कितीतरी स्वच्छ असते. त्याचे दोष निराळे आहेत, आणि बोअरच्या पाण्याची सवय असलेल्या माणसाला ते चटकन दिसत नाहीत.

हिशेब

आधी पाणी किती मिळते ते पाहू. हिशेब एक टन दुधाचा धरतो. आकडे या कारखान्याचे नाहीत, कुठल्याही भुकटी कारखान्याला लागू पडतील असे आहेत.

एक टन दुधात घन पदार्थ साधारण १२.५ टक्के, म्हणजे १२५ किलो. दूध आधी इव्हॅपोरेटरमध्ये जाते. तिथे उभ्या नळ्यांच्या आतल्या भिंतीवरून दुधाचा पातळ थर खाली ओघळतो, बाहेरून वाफ नळ्या तापवते आणि आत निर्वात ठेवलेला असल्यामुळे दूध ७० अंशांपासून ते ४५ अंशांपर्यंतच्या तापमानाला उकळते. घन पदार्थ ५० टक्क्यांवर पोचेपर्यंत हे चालते. तेव्हा दूध उरलेले असते २५० किलो, आणि ७५० किलो पाणी वाफ होऊन निघालेले असते. ती वाफ थंड होऊन जे पाणी बनते त्याला कारखान्यात कंडेन्सेट म्हणतात. मग हे दाट दूध स्प्रे ड्रायरमध्ये गरम हवेत फवारतात. तिथे आणखी १२० किलो पाणी उडते आणि ३ ते ४ टक्के ओलावा असलेली सुमारे १३० किलो भुकटी हाती येते.

ड्रायरमधले पाणी प्रचंड हवेबरोबर धुराड्यातून जाते. ते पकडणे सहसा परवडत नाही. पण निघणाऱ्या एकूण पाण्यातले ८५ टक्क्यांहून जास्त इव्हॅपोरेटरमध्येच निघते, आणि ते आयते द्रवरूपात हाती येते. टनामागे पाऊण टन पाणी. ते मिळवायला लागणारी सगळी ऊर्जा भुकटीच्या खात्यावर आधीच खर्ची पडलेली असते. समुद्राचे पाणी गोडे करायला किंवा सांडपाणी शुद्ध करायला वेगळी ऊर्जा मोजावी लागते. इथे पाणी हे उत्पादनाचेच दुसरे अंग आहे.

वर ते गरम असते. चार अंशांवर साठवलेले दूध इव्हॅपोरेटरकडे जाताना याच गरम कंडेन्सेटने कोमट करून घेतात. दूध तापते, कंडेन्सेट थंड होते, दोन्हीकडून फायदा. फक्त एक काळजी: पातळ पत्र्याच्या दोन बाजूंनी दूध आणि पाणी वाहते त्या प्लेट हीट एक्स्चेंजरला कधी बारीक भोक पडले, तर कोण कुणात जाईल? म्हणून दुधाच्या बाजूचा दाब जास्त ठेवतात. मग गळती झाली तरी दूध पाण्यात उतरते, पाणी दुधात शिरत नाही. आणि पाण्यात दूध आले की ते मीटरवर दिसते.

कंडेन्सेटमध्ये काय असते

दिसायला ते डिस्टिल्ड वॉटरसारखे. नाकाजवळ धरले तर उकळलेल्या दुधाचा मंद वास. त्यात दोन वाटांनी काही ना काही येते.

पहिली वाट म्हणजे वाफेबरोबर स्वतःच उडणारे पदार्थ: अमोनिया, अल्कोहोल, अॅसिटोन, लहान साखळीची आम्ले. दूध जितके जुने, जितके आंबटाकडे झुकलेले, तितके हे जास्त. त्यांचे रेणू लहान आणि बरेचसे विद्युतभाररहित, त्यामुळे मीठ हमखास अडवणाऱ्या आरओ मेम्ब्रेनमधून हेच पदार्थ बऱ्यापैकी आरपार जातात. आरओ बसवला म्हणजे काळजी मिटली असे समजणाऱ्यांना हा पहिला धक्का बसतो. ताजे दूध घेणे हा इथे पाणी शुद्धीकरणाचाच एक भाग ठरतो.

दुसरी वाट जास्त धोक्याची: दुधाचे थेंब. उकळत्या दुधातून निघालेली वाफ आणि दूध सेपरेटरमध्ये वेगळे होतात. पण निर्वाताचा दाब जरा हलला, फेस वर आला किंवा दुधाची पातळी चुकली, की वाफेच्या वेगाबरोबर बारीक थेंब पुढे निघून जातात. कारखान्यातली माणसे याला कॅरीओव्हर म्हणतात. हे दिवसाचे चोवीस तास होत नाही. यंत्र सुरू करताना, बंद करताना, दुधावरून पाण्यावर किंवा पाण्यावरून दुधावर जाताना होते. काही मिनिटांचा खेळ असतो.

ती काही मिनिटे किती महाग पडतात ते पाहा. एक लिटर दुधाचा सीओडी, म्हणजे त्यातले सेंद्रिय द्रव्य संपवायला लागणारा ऑक्सिजन, दोन लाख मिलिग्रॅमच्या आसपास असतो. अमेरिकेच्या 'पाश्चराइज्ड मिल्क ऑर्डिनन्स' या नियमावलीत दुधापासून परत मिळवलेल्या पाण्याचे तीन वर्ग केले आहेत. सगळ्यात वरच्या वर्गाचे पाणी पिण्याच्या पाण्याच्या जागी चालते. त्यासाठी सेंद्रिय द्रव्य, सीओडीने मोजले तर, लिटरमागे १२ मिलिग्रॅमच्या आत असावे लागते आणि जिवाणूंची एकूण संख्या मिलिलिटरला ५००च्या वर जाऊन चालत नाही. भागाकार केला तर असे निघते, की एक लिटर दूध साधारण १६ हजार लिटर कंडेन्सेटला या मर्यादेपर्यंत नेऊन ठेवते. ही नियमावली मेक्सिकोची नाही, पण मोजपट्टी म्हणून उपयोगी आहे.

आता हे पकडणार कसे? बहुतेक ठिकाणी कंडक्टिव्हिटी, म्हणजे पाण्याची वीज वाहण्याची क्षमता, मोजणारा मीटर बसवलेला असतो, कारण तो स्वस्त, टिकाऊ आणि झटपट. दुधाची कंडक्टिव्हिटी सेंटिमीटरला पाच हजार मायक्रोसीमेन्सच्या घरात. दहा हजार लिटर कंडेन्सेटमध्ये एक लिटर दूध गेले, तर कंडक्टिव्हिटी वाढते फक्त अर्धा मायक्रोसीमेन्स. चांगल्या कंडेन्सेटची कंडक्टिव्हिटी अमोनिया आणि विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे याहून जास्त वरखाली होत असते. म्हणजे सीओडी २० मिलिग्रॅमने वाढून वरच्या वर्गाची मर्यादा ओलांडलेली असते आणि मीटरचा काटा शांत असतो. कंडक्टिव्हिटी मीटर मोठा अपघात पकडतो, छोटा पकडत नाही. त्याच्या जोडीला टर्बिडिटी, म्हणजे गढूळपणा, मोजणारा मीटर लागतो. दुधातले स्निग्ध कण आणि केसीन हे प्रथिन प्रकाश विखुरतात, त्यामुळे अगदी थोडे दूधही त्याला दिसते. लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, आणि उडणारे पदार्थ मात्र त्यालाही दिसत नाहीत, त्यासाठी एकूण सेंद्रिय कार्बन मोजणारे उपकरण हवे. तिन्ही मिळून चित्र पुरे होते.

मीटरपेक्षाही महत्त्वाचा आहे मीटरनंतरचा व्हॉल्व्ह. कंडेन्सेटच्या नळीवर तीन तोंडी व्हॉल्व्ह असतो: पाणी चांगले असेल तर टाकीकडे, बिघडले तर सांडपाण्याकडे. पाणी मीटरपासून व्हॉल्व्हपर्यंत पोचायला जेवढे सेकंद लागतात, त्यापेक्षा व्हॉल्व्ह लवकर वळला पाहिजे. नाहीतर बिघडलेल्या पाण्याचा पहिला लोट टाकीत उतरलेला असतो. म्हणून मीटर आणि व्हॉल्व्ह यांत पुरेशी नळी ठेवावी लागते. आणि वीज किंवा हवेचा दाब गेला, मीटरची वायर तुटली, तर व्हॉल्व्ह आपोआप सांडपाण्याच्या बाजूला पडला पाहिजे. अमेरिकी नियमावलीनेही अशी आपोआप वळणारी व्यवस्था सक्तीची केली आहे. पुनर्वापराच्या कुठल्याही कारखान्यात गेलात, तर आरओ बघायच्या आधी हा व्हॉल्व्ह बघा. त्याला हाताने फिरवायची चावी लटकवलेली असेल आणि ती चावी वापरून गुळगुळीत झालेली असेल, तर पाणी कमी पडले की कुणीतरी बिघडलेले पाणीही टाकीकडे वळवते आहे, असे समजायला हरकत नाही.

कुठले पाणी कुठल्या कामाला

लागोस दे मोरेनोच्या मांडणीत कंडेन्सेट शुद्ध करून पहिल्यांदा वापरले जाते ते इव्हॅपोरेटर आणि त्याच्या जोडीची यंत्रे धुवायला. धुऊन झालेले पाणी गोळा करून पुन्हा शुद्ध केले जाते आणि दुसऱ्यांदा बागेसाठी किंवा साफसफाईसाठी वापरले जाते. या क्रमात सगळे शहाणपण आहे. अन्नाच्या जवळच्या कामाला जवळजवळ स्वच्छ जन्मलेले पाणी, अन्नापासून दूरच्या कामाला सांडपाण्यातून वर काढलेले पाणी. पाणी खाली उतरत जाते, परत वर चढत नाही.

कोडेक्स अॅलिमेन्टारियस या अन्नाची आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या आयोगाने अन्न उत्पादनात पाण्याच्या सुरक्षित वापराची आणि पुनर्वापराची मार्गदर्शक तत्त्वे २०२३ मध्ये स्वीकारली. त्यांचा गाभाही हाच आहे: प्रत्येक कामाला पिण्याचेच पाणी लागते असे नाही, त्या कामाला योग्य असे पाणी लागते, आणि योग्य म्हणजे काय हे धोक्याचा विचार करून ठरवायचे. युरोपीय संघाचा २००४चा ८५२ क्रमांकाचा नियम जास्त कडक वाटतो. प्रक्रियेत वापरलेले पुनर्वापराचे पाणी पिण्याच्या पाण्याच्या दर्जाचे असावे, असे तो म्हणतो. मात्र पाण्याच्या दर्जाचा तयार अन्नावर परिणाम होणार नाही अशी खात्री पटली, तर सक्षम अधिकारी सूट देऊ शकतो. दोन्हींमधला फरक कागदावर मोठा दिसतो. प्रत्यक्षात दोन्हीकडे कारखान्याला एकच प्रश्न सोडवावा लागतो: हे पाणी अन्नाला नेमके कुठे लागते?

धुण्याच्या कामातच बघा. सीआयपी म्हणजे यंत्र न उघडता आतून धुणे. त्याचे टप्पे ठरलेले: आधी पाण्याने खंगाळणे, मग एक ते दोन टक्के कॉस्टिक सोडा ७०-८० अंशांवर, परत खंगाळणे, मग दुधाचा खडा काढायला नायट्रिक आम्ल, आणि शेवटी स्वच्छ पाण्याने धुणे. पहिल्या खंगाळण्यात नळ्यांत दूधच चिकटलेले असते आणि पुढे कॉस्टिक येणार असते, तिथे साधे पुनर्वापराचे पाणी चालते. शेवटच्या धुण्यानंतर मात्र थेट दूध येणार; तिथे वरच्या दर्जाचेच पाणी हवे. आणि या शेवटच्या धुण्याचे पाणी इतके स्वच्छ असते, की ते पुढच्या सीआयपीच्या पहिल्या खंगाळण्याला ठेवता येते. एवढा बदल करायला एक टाकी आणि दोन व्हॉल्व्ह लागतात, मेम्ब्रेन लागत नाही. मोठा प्रकल्प करण्याआधी हे करून न पाहणारे कारखाने मला समजत नाहीत.

बॉयलर आणि कूलिंग टॉवर या दोन ठिकाणी कंडेन्सेट बिनदिक्कत चालेल असे वाटते, कारण त्यात कठीणपणा नाही, साका धरत नाही. पण बॉयलरमध्ये सेंद्रिय द्रव्य गेले की फेस येतो, त्याचे विघटन होऊन आम्ले बनतात आणि वाफेच्या नळ्या खातात. कूलिंग टॉवरमध्ये तेच द्रव्य जिवाणूंचे खाद्य होते. कोमट, ओले, हवेशीर वातावरण आणि वर खाद्य, म्हणजे लेजिओनेला या न्यूमोनिया करणाऱ्या जिवाणूला आमंत्रण. अन्नापासून दूर म्हणून हलगर्जी चालेल, असे ठिकाण कारखान्यात नसते.

आणखी एक गोष्ट अनेकांना उशिरा कळते. खनिजे नसलेले पाणी धातूला भुकेले असते. त्याची आम्लता सावरायची ताकद नसल्यामुळे थोड्याशा कार्बन डायऑक्साइडनेही पीएच खाली येतो. जुन्या लोखंडी नळ्यांतून कंडेन्सेट फिरवले, तर काही दिवसांत लालसर पाणी येऊ लागते. नळ्या स्टेनलेस स्टीलच्या हव्यात, किंवा पाण्यात थोडी खनिजे मुद्दाम मिसळायला हवीत.

वेळेचे गणित

दिवसाच्या बेरजेत पाणी पुरते, तासाच्या हिशेबात पुरत नाही. हा भाग आराखड्यात सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतो.

इव्हॅपोरेटर साधारण वीस तास दूध चालवतो, मग नळ्यांच्या आत थर साचतो आणि धुवायला थांबावेच लागते. चालू असताना कंडेन्सेट धो धो येते, तेव्हा पाण्याची गरज थोडी असते. धुवायला थांबला, की कंडेन्सेट बंद आणि गरज सगळ्यात जास्त. तेव्हाचे पाणी आधी साठवून ठेवलेलेच असले पाहिजे. म्हणून मोठी टाकी हवी.

आणि इथे जिवाणू येतात. कंडेन्सेट कोमट असते, त्यात थोडेसे का होईना खाद्य असते, क्लोरीन नसतो. टाकी जितकी मोठी, तितके पाणी आत जास्त तास थांबते. सकाळी निर्दोष असलेले पाणी रात्री तसेच राहीलच असे नाही. टाकीच्या भिंतीवर हाताला बुळबुळीत लागणारा थर धरतो, आणि एकदा तो धरला की नुसत्या औषधाने जात नाही. त्याहून वाईट जागा म्हणजे नळीचे बंद टोक: पूर्वी तिथून एखादे यंत्र जोडलेले होते, यंत्र काढले, नळीचा हातभर तुकडा तसाच राहिला. त्यात पाणी वाहत नाही, औषध पोचत नाही, आणि तिथून सुटणारे जिवाणू मुख्य प्रवाहात मिसळत राहतात. टाकीचा नमुना चांगला, नळाचा नमुना खराब असे आले, की आधी अशी टोके शोधायची.

यावरचे उपाय माहीत आहेत. पाणी साठवण्याआधी थंड करायचे, टाकीतले पाणी एका यूव्ही दिव्यातून सतत फिरवत ठेवायचे, टाकीलाही यंत्रासारखी सीआयपीची वेळ लावायची. क्लोरीन वापरायचा तर सेंद्रिय द्रव्याशी त्याची क्रिया होऊन ट्रायहॅलोमिथेन ही आरोग्याला घातक संयुगे बनतात, म्हणून बरेच जण क्लोरीन डायऑक्साइडकडे वळतात. अमेरिकी नियमावलीत नव्या व्यवस्थेला मान्यता मिळाल्यावर पहिले दोन आठवडे रोज नमुना आणि पुढे सहा महिन्यांनी एकदा, अशी तपासणी आहे. सहा महिने हे अंतर मला फार वाटते. दूध बदलते, ऋतू बदलतो, माणसे बदलतात. कारखान्याने स्वतःसाठी तरी दर आठवड्याचा नमुना ठेवावा.

दुसऱ्या फेरीतले मीठ

धुऊन आलेले पाणी पुन्हा शुद्ध करताना अडचण वेगळी असते. आता त्यात दूध आहे, कॉस्टिक आहे, आम्ल आहे. दूध जिवाणू खाऊन टाकतात. स्निग्धांश आधी काढला आणि जैविक प्रक्रिया नीट चालली तर सेंद्रिय द्रव्याचा प्रश्न सुटतो. सोडियम कुणी खात नाही. कॉस्टिकमधले सोडियम पाण्यात येते आणि पाणी जितक्या वेळा फिरेल तितके साचत जाते.

आरओ ते काढतो, पण नाहीसे करत नाही. शंभर लिटरमधून ७५ लिटर चांगले पाणी घेतले, तर उरलेल्या २५ लिटरमध्ये जवळजवळ सगळे मीठ, मूळच्या चौपट दाट. त्या पंचवीस लिटरचे काय करायचे हे आधी ठरले पाहिजे. आरओ न लावता धुण्याचे पाणी बागेला सोडले, तर सोडियम मातीत उतरते. चिकणमाती घट्ट होते, पाणी मुरत नाही, झाडे पिवळी पडतात. बागेला पाणी देणे हा सोपा शेवट वाटतो, पण तिथे पाण्यातल्या सोडियमचे कॅल्शियम-मॅग्नेशियमशी असलेले प्रमाण मोजत राहावे लागते. खरा उपाय वरच्या अंगाला आहे: कॉस्टिक गाळून परत वापरायचे, धुण्याचे टप्पे वेळेवर नव्हे तर मीटर पाहून थांबवायचे. जे मीठ पाण्यात गेलेच नाही, ते काढावे लागत नाही.

आणखी कुठे जमेल

ज्या कच्च्या मालात भरपूर पाणी आहे आणि तयार मालात ते जात नाही, तिथे ही पद्धत जमते. उसात सुमारे ७० टक्के पाणी असते. साखर कारखाने रस आटवतात, त्यांच्याकडेही कंडेन्सेट निघते. टोमॅटोत ९४-९५ टक्के पाणी, पेस्ट करताना त्यातले बरेचसे निघते. फळांचे घट्ट रस, चीज करून उरलेल्या निवळीची भुकटी, हेही याच जातीचे. जिथे पाणी मालाबरोबर बाटलीतून बाहेर जाते, तिथे मात्र दुधातल्यासारखा आतला झरा नाही. शीतपेयांच्या कारखान्याने लागोस दे मोरेनोचे नाव घेऊन शून्याचे उद्दिष्ट ठेवले, तर तो फक्त सांडपाणी फिरवत बसेल आणि मीठ साचवेल.

कुंपणाबाहेरचा हिशेब

शून्य उपसा हा आकडा कारखान्याच्या कुंपणापुरता खरा आहे. कुंपणाच्या आत येणारे पाणी दुधातून येते, दुधातले गाईच्या पोटातून, आणि गाईच्या पोटातले बहुतांशी त्याच पठारावरच्या विहिरींतून. दुधात असलेली मोठी गाय दिवसाला शंभर लिटरपर्यंत पाणी पिते. तिच्या चाऱ्याला लागणारे पाणी त्याच्या कितीतरी पट. त्या मानाने कारखान्याची बचत लहान आहे. म्हणून ती खोटी ठरत नाही. उलट एक बाजू क्वचितच सांगितली जाते: भुकटी कोरडी होऊन गाव सोडते, म्हणजे दुधाबरोबर आलेले पाणी, ड्रायरमधून हवेत जाते ते सोडले तर, जवळजवळ सगळे लागोस दे मोरेनोतच राहते. तेच दूध पातळ स्वरूपात दूरच्या शहराला पाठवले असते, तर पाणीही त्याच्याबरोबर गेले असते.

दुसरी बाजूही आहे. पूर्वी कारखाना जे सांडपाणी प्रक्रिया करून बाहेर सोडायचा, ते खालच्या बाजूला कुणाच्या तरी उपयोगी पडत असू शकते. आत फिरवायला लागल्यावर बाहेर सोडायचे पाणी कमी होते. उपसा थांबला ही जमा, सोडणे कमी झाले हा खर्च. दोन्हींची वजाबाकी केल्याशिवाय खोऱ्याला काय मिळाले हे कळत नाही.

आणि उपसा थांबला म्हणजे पाणी जमिनीत राहिले, असे आपोआप होत नाही. मेक्सिकोत १९९२च्या राष्ट्रीय जल कायद्याखाली भूजल उपशाचे परवाने राष्ट्रीय जल आयोग, म्हणजे कोनाग्वा, देतो. त्यांची सार्वजनिक नोंदवही असते आणि २०२५च्या अखेरीस कायदा बदलेपर्यंत हे हक्क दुसऱ्याकडे हस्तांतरित करता येत होते. एका कारखान्याने न वापरलेले पाणी परवान्यासकट दुसऱ्या विहिरीकडे गेले असेल, तर कारखान्याच्या अहवालात बचत दिसेल आणि भूजलाची पातळी आहे तिथेच राहील, किंवा आणखी खाली जाईल. म्हणून अशा प्रकल्पाचा अभ्यास करणाऱ्याने कारखान्याच्या मीटरबरोबर आणखी दोन गोष्टी मागायला हव्यात: परवान्यात उपशाची मर्यादा तेवढ्याने कमी करून घेतली का, आणि पाऊस सुरू होण्याच्या ऐन आधी, दरवर्षी त्याच आठवड्यात, आसपासच्या विहिरींची पातळी किती मीटरवर होती.